मँचेस्टर युनायटेडचा माजी कर्णधार रॉय कीन मॅनेजर म्हणून तापट स्वभावामुळे फसला का? त्याला पुन्हा क्लब मिळेल का?

‘स्वभाव नडला’ हे उत्तर इतक्यांदा ऐकलंय की आता माझंच डोकं तापतं. सायपान २००२ (वर्ल्ड कपआधीच्या शिबिरात आयर्लंडच्या मॅनेजरशी भांडून कीन घरी परतला, ते प्रकरण) काढलं की लोकांचं समाधान होतं, पुढचं कुणी बघतच नाही. आणि तिथेही सरावाचं मैदान खडखडीत होतं, सामान वेळेत आलं नव्हतं. आयरिश असोसिएशननं स्वतः करून घेतलेल्या जेनेसिस अहवालातही तयारीतल्या चुका निघाल्याच. असो.

(आणि कोलकात्याच्या एटीकेकडून खेळून नंतर तिथेच कोच झालेला तो रॉबी कीन. हा वेगळा.)

सुरुवात इंग्लंडच्या संडरलंड क्लबपासून करा. जून २००६ मध्ये खेळणं थांबवलं आणि ऑगस्टअखेर हा थेट मॅनेजर. मध्ये कुणाच्या हाताखाली उमेदवारी नाही. संघानं चॅम्पियनशिपमधले (इंग्लंडची दुसरी डिव्हिजन) पहिले चार सामने गमावलेले, लीग कपमध्ये बरी क्लबकडून हार. ट्रान्सफर विंडो बंद होता होता त्यानं सहा जण आणले: सेल्टिकमधून वॉलेस आणि वार्गा, मँचेस्टर युनायटेडमधून मिलर, विगनमधून कॅव्हना आणि कॉनली, सिडनीहून ड्वाइट यॉर्क. यॉर्क म्हणजे स्ट्रायकर, पण याला तो मिडफिल्डमध्ये हवा होता. बहुतेक जण ओळखीचे किंवा मुरलेले, त्यामुळे रुळायला वेळ गेला नाही. पहिल्याच सामन्यात डर्बीच्या मैदानावर पिछाडीवरून २-१, विजयी गोल वॉलेसचा. जानेवारीत युनायटेडकडून जॉनी एव्हान्स आणि सिम्पसन लोनवर, ल्यूटनहून कार्लोस एडवर्ड्स. मार्चमध्ये बार्न्सलीला निघताना तीन खेळाडू उशिरा आले, तर बस त्यांच्याविना सुटली. सामना २-० जिंकला. मोसमाअखेर ८८ गुण आणि विजेतेपद.

मग २००९ मध्ये इप्सविच क्लबला गेल्यावर काय बिघडलं? खरेदी-विक्री. ओळखीची माणसं आणण्याची जी युक्ती संडरलंडला तीन दिवसांत कामी आली, तीच इथं सवय झाली. लेडबिटर, एडवर्ड्स, पुढच्या वर्षी गोलकीपर फ्युलोपसुद्धा (बस चुकलेल्या तिघांपैकी एक!). संडरलंडचीच झेरॉक्स. आणि १९ वर्षांचा जॉर्डन ऱ्होड्स हडर्सफील्डला विकला, त्यानं तिथं गोलांचा सपाटा लावला. इप्सविचला मात्र त्या मोसमातला लीगमधला पहिला विजय मिळेपर्यंत ऑक्टोबर संपला, शेवटी १५वा क्रमांक. ४६ सामन्यांच्या लीगमध्ये गोल करणारा घरचा पोरगा विकून चालत नाही. जानेवारी २०११ मध्ये त्याला काढलं तेव्हा संघ लीग कपच्या सेमीफायनलमध्ये होता, हे मात्र कुणी सांगत नाही.

स्वभावाचा काहीच संबंध नाही असंही नाही, हे कबूल. डिसेंबर २००८ मध्ये संडरलंड त्यानं स्वतःच सोडलं, बोल्टनकडून घरच्या मैदानावर ४-१ हरल्यानंतर. पाचच आठवडे आधी तिथेच न्यूकॅसलला २८ वर्षांनी हरवलं होतं. थोडं थांबायला हवं होतं.

दुसऱ्या प्रश्नाबद्दल: इप्सविचनंतर आयर्लंडचा संघ, ॲस्टन व्हिला, नॉटिंगहॅम फॉरेस्ट, सगळीकडे सहाय्यक. इतकी वर्षं मुख्य खुर्चीपासून लांब राहिलेल्या माणसाला क्लबमालक घाबरतात, त्यामुळे मला तरी कठीण वाटतं.

आणि पुढच्या वेळी कुणी तुम्हाला सायपान ऐकवलं, तर त्याला विचारा, ऱ्होड्सला का विकला ते सांग आधी.