वैमानिकांची सहामाही परीक्षा ही निव्वळ औपचारिकता असते का?

आपण विचारले आहे की, विमान कंपनीच्या वैमानिकाची वर्षातून दोनदा सिम्युलेटरवर परीक्षा होते, पण कोणता बिघाड येणार हे त्याला आधीच ठाऊक असेल तर त्याच्या कौशल्याची पारख होते तरी कशी. मी निवृत्तीपूर्वी परीक्षक म्हणून हेच काम करत होतो आणि आता इंदूरला स्थायिक आहे. आपला भाचा इथल्याच फ्लाइंग क्लबात शिकत असल्याचे आपण लिहिले आहे, म्हणून थोडे सविस्तर लिहितो.

आपली शंका रास्त आहे. टेकऑफच्या वेळी व्ही-वन हा वेग गाठल्यावर, म्हणजे धावपट्टीवर थांबण्याची सोय उरलेली नसताना, एक इंजिन बंद पडणार हे परीक्षेला बसणारा प्रत्येक जण गृहीत धरूनच येतो. तरीही पुढच्या काही सेकंदांत बरेच काही कळते. बंद पडलेल्या इंजिनाच्या बाजूला विमानाचे नाक वळू लागते आणि ते पायाने, म्हणजे शेपटीवरच्या उभ्या सुकाणूने (रडरने), सावरायचे असते. गांगरलेला वैमानिक ते हाताने सावरू पाहतो. त्यामुळे पंखावरच्या स्पॉयलर नावाच्या पट्ट्या उचलल्या जातात, हवेचा विरोध वाढतो आणि आधीच निम्मी ताकद गमावलेले विमान चढेनासे होते. मागे बसलेल्या परीक्षकाला पाय दिसत नाहीत, पण समोरच्या पडद्यावर बाजूला सरकलेली लहानशी खूण पायांची चुगली करते. एअरबसमध्ये ४०० फूट उंची गाठेपर्यंत बिघाडाच्या कामांना हात लावायचा नसतो. तेवढा वेळ फक्त विमान उडवत राहणे अनेकांना इंजिन सांभाळण्यापेक्षा जड जाते.

आकड्यांच्या मर्यादा अर्थातच असतात. उदाहरणार्थ, युरोपीय नियमांनुसार उंचीत १०० फुटांपर्यंत आणि एक इंजिन बंद असताना दिशेत १० अंशांपर्यंत फरक चालतो. परंतु उंची १२० फुटांनी चुकल्यावर स्वतःच ते बोलून दाखवून लगेच दुरुस्त करणारा वैमानिक आणि बराच वेळ ९० फूट खाली राहूनही ज्याच्या ते ध्यानातच आले नाही असा वैमानिक, यांपैकी मला दुसऱ्याचीच काळजी अधिक वाटे.

ठरीव बिघाडांच्या सरावाची मर्यादा १ जून २००९ रोजी एअर फ्रान्सच्या ४४७ क्रमांकाच्या विमानाने दाखवून दिली. वेग मोजणाऱ्या नळ्यांत बर्फ साचला, ऑटोपायलट सुटला आणि विमान स्टॉलमध्ये, म्हणजे पंखांना पुरेशी उचल न मिळण्याच्या स्थितीत, गेले आहे हे ओळखले न गेल्यामुळे २२८ जणांचा जीव गेला. त्यानंतर अशा अनपेक्षित स्थितींच्या प्रशिक्षणावर भर वाढला आणि संवाद, कामाची वाटणी, निर्णयक्षमता, परिस्थितीचे भान यांनाही स्वतंत्र श्रेणी देण्याची पद्धत रुळू लागली.

खरी अडचण इथेच आहे, कारण दिशेचा फरक यंत्र मोजते, पण ‘भान’ कोणी मोजायचे? म्हणून परीक्षकांनाही एकत्र बसवून एकाच सत्राचे चित्रण दाखवतात, प्रत्येकाने वेगळी श्रेणी द्यायची आणि मग तिची कारणे मांडायची. माझ्या अनुभवात पास-नापासाबद्दल सहसा एकमत होई. वाद रंगे तो दोष नेमका कशात होता यावर, आणि ते ठरल्याशिवाय पुढचे प्रशिक्षण कशाचे द्यायचे हेही ठरत नाही. नापास झालेल्या वैमानिकाची नोकरी लगेच जात नाही. हे प्रशिक्षण घेऊन तो पुन्हा परीक्षा देतो आणि तोवर त्याला प्रवासी विमान उडवता येत नाही.