रेटिंग लावताना एवढं बघ

तुझी कथा वाचली. मालिकेतल्या नायकाला थेट खासबाग मैदानात उतरवलंस, कल्पनाच झकास आहे. पण 'आर्काइव्ह ऑफ अवर ओन' या चाहत्यांनी लिहिलेल्या कथांच्या (फॅनफिक्शनच्या) संकेतस्थळावर टाकताना रेटिंग 'जनरल', म्हणजे सर्वांसाठी, ठेवू नकोस. कुस्ती आहे म्हणून नव्हे. तांबड्या मातीतली झटापट 'टीन'मध्ये, म्हणजे किशोरवयीन आणि त्यापुढच्यांसाठीच्या रेटिंगमध्ये, सहज बसते. पण चौथ्या भागात हाड कातडी फाडून बाहेर येतं आणि ते तू पानभर लिहिलंयस. त्याला 'मॅच्युअर', म्हणजे प्रौढांसाठीचं रेटिंग, लाव, शिवाय ग्राफिक हिंसेची ताकीदही दे. रेटिंग वेगळं, ताकीद वेगळी. नवखे इथंच घोळ घालतात.

मुख्य पात्र मरणार असेल तर त्याचीही स्वतंत्र ताकीद आहे. शेवट फुटेल असं वाटलं तर 'लेखकाने ताकीद न वापरणं पसंत केलं' हा पर्याय घे. 'कोणतीही ताकीद लागू नाही' हा मात्र घेऊ नकोस, ती वाचकाची फसवणूक आहे.

शृंगाराचं म्हणशील तर, दार लागलं आणि सकाळ उजाडली एवढंच असेल तर 'टीन' पुरतं. सगळं उघड वर्णन केलंस की 'एक्स्प्लिसिट'. जोडी स्त्री-पुरुष की पुरुष-पुरुष हा रकाना निराळा, त्यावरून रेटिंग चढवायचं नसतं. दोन पुरुष रंकाळ्यावर हातात हात घालून फिरले तर ते 'जनरल'च, याबाबत मी ठाम आहे.

हीच कथा 'फॅनफिक्शन डॉट नेट'वर टाकणार असलीस तर तिथं रेटिंगसाठी के, के प्लस, टी, एम अशी सौम्य ते प्रौढ या क्रमाने अक्षरं आहेत. उघड लैंगिक वर्णनाला तिथं 2002पासून बंदी आहे.