पिथौरागढ खालून वर वाचावा लागतो

तुम्ही विचारलंत, ऑक्टोबरमध्ये आईंना घेऊन आठ दिवस उत्तराखंडातल्या पिथौरागढ जिल्ह्यात जायचं आहे, तर पाताळ भुवनेश्वर, मुनस्यारी, धारचूला आणि तिबेटच्या हद्दीजवळचं पवित्र शिखर आदी कैलास एवढं बसेल का. त्याखाली दुसरा प्रश्न होता: "तिथली माणसं म्हणजे सगळी कुमाऊंनीच ना?" मी गेली वीसेक वर्षं या जिल्ह्यात जातो आहे आणि दोन्ही प्रश्न पहिल्या खेपेला मलाही पडले होते. दोन्हींची उत्तरं एकमेकांत गुंतलेली आहेत, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

तुम्ही कोल्हापूरचे, तेव्हा तुमच्याच जिल्ह्याचं माप घेऊ. पिथौरागढचं क्षेत्रफळ सात हजार चौरस किलोमीटरच्या आसपास, म्हणजे कोल्हापूरपेक्षा थोडंसंच कमी. पण २०११च्या जनगणनेत कोल्हापूरची लोकसंख्या ३८ लाखांच्या पुढे होती आणि पिथौरागढची ४ लाख ८३ हजार. कारण इथली बहुतेक जमीन उभी आहे. जौलजीबीला, जिथे गोरी नदी कालीला मिळते, तिथे उंची जेमतेम सहाशे मीटर, दारात केळी लावलेली दिसतात. आणि त्याच जिल्ह्याच्या वायव्य कडेला नंदादेवी पूर्व हे ७,४३४ मीटरचं शिखर आहे.

नद्या उत्तरेच्या बर्फातून खाली येतात: पूर्व रामगंगा, गोरी, दारमा खोऱ्यातली धौली, आणि नेपाळच्या हद्दीवरून वाहणारी काली. प्रत्येक खोरं म्हणजे वेगळी खोली आणि मधल्या डोंगरधारा म्हणजे भिंती. मुनस्यारीहून धारचूला नकाशावर शेजारी दिसतं, पण गाडीला गोरीच्या काठाने पार जौलजीबीपर्यंत उतरावं लागतं आणि मग कालीच्या काठाने पुन्हा वर चढावं लागतं. नव्वदेक किलोमीटरला अर्धा दिवस धरा. पिथौरागढ शहरातून मुनस्यारी सुमारे १३० किलोमीटर. थल, नाचनी, बिर्थीचा धबधबा, मग कालामुनीची सुमारे २,७०० मीटरची खिंड, आणि पलीकडे उतरलात की समोर एकदम पंचाचूलीची पाच शिखरं उभी राहतात. सहा तास तर लागतातच, दरड आली असेल तर हिशेब सोडून द्या. त्यात टनकपूरच्या रेल्वे स्टेशनपासून पिथौरागढपर्यंतचे दीडशे किलोमीटर धरलेत की येण्याजाण्यातच दोन दिवस गेले. म्हणून चारही ठिकाणं बसणार नाहीत. बसवायचा प्रयत्नही करू नका.

लोकांच्या बोलण्यातसुद्धा हीच उभी जमीन आहे. आपल्याकडे खुर्द आणि बुद्रुक, तिथे तल्ला आणि मल्ला, म्हणजे खालचं आणि वरचं. नदीकाठची सपाट, ओलिताची भातजमीन म्हणजे सेरा. पावसावरची जमीन उपराऊं. ओढा म्हणजे गाड. डोंगराची कड म्हणजे धार, आणि हा शब्द तुम्हाला समजावून सांगायला नको. कुठल्या गावचा म्हणून विचारलं की नावाबरोबर तल्ला की मल्ला हेही कळतं, आणि त्यावरून पाणी किती, पीक कुठलं, थंडी किती याचा अंदाज येतो.

आता माणसं. खालचा आणि मधला पट्टा, म्हणजे पिथौरागढ शहराभोवतीचं सोर खोरं, गंगोलीहाट, बेरीनाग, डीडीहाट, हा कुमाऊंनी बोलणाऱ्या शेतकऱ्यांचा मुलूख. बोलीही खोऱ्यागणिक बदलते: सोरची सोरयाली, गंगोलीची गंगोली, अस्कोटची अस्कोटी. इथे तुमच्या आईंना परकं वाटणार नाही. मडुवा म्हणजे आपली नाचणी, गहत म्हणजे हुलगे. भाद्रपदात आपल्याकडे गौरी येतात, तसा तिथे सातूं-आठूंचा सण होतो. बायका कडधान्यं भिजवतात, त्याला बिरुड म्हणतात, आणि पानाफुलांची, रोपांची गौरा करतात. तिला हाक मारतात गमरा दीदी, महेश्वराला म्हणतात महेसर भिना, म्हणजे मेहुणे. माहेरी आलेली बहीण आणि तिला न्यायला आलेला नवरा. मी पहिल्यांदा ती गाणी ऐकली तेव्हा शब्द निम्मेच कळले, पण पाठवणीच्या वेळी बायकांचे डोळे का भरून आले ते न सांगता कळलं. त्याच सुमारास सोर खोऱ्यातल्या कुमौड गावी हिलजात्रा असते: लाकडी मुखवट्यांचे बैल, नांगरणी, आणि शेवटी दोरखंडांनी आवरून धरलेला लखिया भूत. तुम्ही ऑक्टोबरमध्ये जाताय, त्यामुळे हे हुकेल.

वर गेलात की माणसं बदलतात. गोरीच्या वरच्या जोहार खोऱ्यातले शौका, आणि पूर्वेला दारमा, ब्यांस, चौदांस या तीन खोऱ्यांतले रं. सरकारी कागदावर दोघेही "भोटिया", आणि १९६७ पासून अनुसूचित जमातीत. भोटिया हे बाहेरच्यांनी दिलेलं नाव आहे. समोर बसून बोलताना शौका किंवा रं म्हणा, चेहऱ्यावरचा फरक लगेच दिसतो. रं लोकांच्या भाषा तिबेटी-बर्मी कुळातल्या आहेत. जोहारची जुनी भाषा मात्र गेली, तिथे आता कुमाऊंनीच बोलतात.

हे लोक शतकानुशतकं तिबेटशी व्यापार करत. धान्य, गूळ, कापड वर न्यायचं, मीठ, लोकर, सुहागा म्हणजे टाकणखार खाली आणायचा. शेळ्यामेंढ्यांच्या पाठीवर लोकरीच्या छोट्या पिशव्या बांधलेल्या असत. प्रत्येक घराचा तिबेटमध्ये ठरलेला व्यापारी मित्र असे आणि ते नातं बापाकडून मुलाकडे जाई. उन्हाळ्यात मिलम, मर्तोली, बुर्फू अशा वरच्या गावी, हिवाळ्यात मुनस्यारीच्या आसपास किंवा आणखी खाली. एकाच कुटुंबाची दोन-तीन घरं, वेगवेगळ्या उंचीवर. मिलमचेच नैनसिंह रावत. ब्रिटिशांच्या सर्वेक्षण खात्यासाठी वेष बदलून पायी तिबेटात गेले, पावलं मोजता यावीत म्हणून जपमाळेत १०८ऐवजी १०० मणी ठेवले, आणि ल्हासाची जागा व उंची जगाला कळवली. १८७७ साली लंडनच्या रॉयल जिओग्राफिकल सोसायटीने त्यांना सुवर्णपदक दिलं. मी त्यांच्याकडे हेर म्हणून पाहत नाही. वर-खाली चालणं ज्यांच्या घरात पिढ्यान्‌पिढ्या होतं, अशा समाजाचा तो माणूस होता, म्हणून ते काम त्याला जमलं.

१९६२च्या युद्धाने हे सगळं एका मोसमात बंद झालं. मुनस्यारीत मी ज्यांच्याकडे उतरतो त्या घरच्या आमा (तिकडे आजीला आमा म्हणतात) मिलमला वाढल्या. त्या म्हणाल्या, "खाली उतरलो तेव्हा नेहमीसारखंच दार ओढून घेतलं होतं." पुढच्या उन्हाळ्यात वर जाऊन विकायचं काय आणि कुणाला, हाच प्रश्न होता. जोहारची वरची गावं बहुतेक ओस पडली. मी मिलमपर्यंत चालत गेलो आहे. छप्पर नसलेल्या दगडी भिंती, दारांच्या चौकटींवर अजून शाबूत असलेलं कोरीवकाम, आणि थोडी कुटुंबं उन्हाळ्यात बटाटा लावायला आलेली. राखीव जागा आणि शिक्षणाच्या जोरावर याच समाजातून पुढे मोठे सरकारी अधिकारी झाले, तेही खरं. पण आमांचा मुलगा दूर शहरात अधिकारी आहे आणि मिलमचं घर पडलेलं आहे, या दोन गोष्टी त्या एकाच वाक्यात सांगतात.

चौदांसमध्ये दर बारा वर्षांनी कंगडालीचा सण होतो. हे झुडूप आपल्या कारवीच्या कुळातलं, तसंच वर्षांनुवर्षं थांबून एकदम फुलणारं. शत्रू त्या झुडपांत लपला होता, ही एक कथा. त्याच्या मुळीचा लेप लावून विधवेचा एकुलता मुलगा मेला आणि तिने शाप दिला, ही दुसरी. सणात बायका पुढे असतात आणि हातमागाचं लाकडी हत्यार घेऊन ती झुडपं झोडपून काढतात.

आणि सगळ्यांत कमी दिसणारे वनराजी. धारचूला, डीडीहाटकडच्या जंगलालगत राहणारे, संख्येने हजाराच्या आत. पूर्वी रात्री लाकडी भांडी गावातल्या दारात ठेवून जात आणि त्या बदल्यात ठेवलेलं धान्य गुपचूप घेऊन जात. त्यांच्या वस्तीत फोटोसाठी जाऊ नका, ही कळकळीची विनंती.

काली नदी १८१६च्या, इंग्रज आणि नेपाळ यांच्यातल्या सुगौली तहापासून हद्द आहे, पण झुलाघाट किंवा धारचूलाच्या झुलत्या पुलावर उभं राहिलात तर हद्द जाणवणार नाही. धारचूलापलीकडचं नेपाळातलं गावही दार्चुलाच. लग्नं, बाजार, दवाखाना, सगळं आरपार. ब्यांस खोऱ्यातली छांगरू आणि टिंकर ही गावं तर नेपाळात आहेत, माणसं तीच रं. पूल संध्याकाळी बंद होतो, तेवढं सांभाळा.

आता तुमचा बेत. आदी कैलास या खेपेला सोडा. रस्ता झाला आहे, हद्दीजवळच्या भागात जायला लागणारा इनर लाइन परवाना धारचूलाला मिळतो, हे सगळं खरं. पण नऊशे मीटरवरच्या धारचूलाहून दोन दिवसांत साडेचार हजार मीटरच्या वर गाडीने जाणं सत्तरीच्या माणसाला मानवेलच असं नाही. त्याच वाटेवर मालपाला १९९८च्या ऑगस्टमध्ये दरडीखाली २००हून जास्त माणसं गेली, त्यात कैलास मानसरोवरचे यात्रेकरू होते. ऑक्टोबरात सहसा पाऊस नसतो, तरी त्या डोंगराशी घाई करू नये.

पाताळ भुवनेश्वरच्या गुहेत साखळी धरून अरुंद भोकातून उतरावं लागतं. आईंचे गुडघे दुखतात म्हणालात, तर त्यांना वर देवदारांत बसवा आणि तुम्ही जाऊन या. त्यापेक्षा गंगोलीहाटच्या हाट कालिकेला त्यांना न्या. ती कुमाऊं रेजिमेंटची देवी, देवळात पलटणींनी वाहिलेल्या घंटा आहेत. मग सरळ मुनस्यारी आणि तिथे चार रात्री. एक सकाळ निवृत्त शिक्षक शेरसिंह पांगती यांनी उभ्या केलेल्या संग्रहालयाला द्या. व्यापाराच्या काळातल्या वस्तू तिथे आहेत. एक दुपार कुणाच्या तरी घरी ज्या प्यायला, म्हणजे लोण्यामिठाचा चहा. आईंना तो पहिल्या घोटाला आवडणार नाही, दुसरा घोट घ्यायला सांगा. आणि कोल्हापूरहून गूळ न्या, किलोभर तरी. त्या घरांना गुळाची पारख आहे, शेळ्यांच्या पाठीवरून तोच तर वर जायचा.