परिषदेत शोधनिबंध वाचावा की पोस्टर लावावे?

केळीवरील करपा रोगाविषयीच्या आपल्या कामाचा सारांश एका राष्ट्रीय परिषदेने स्वीकारला असून, सादरीकरण मौखिक की पोस्टर, हे आयोजकांनी आपल्याला विचारले आहे. आणि पोस्टर घेतल्यास काम दुय्यम ठरेल का, अशी आपली शंका आहे. जळगाव-धुळ्याकडील महाविद्यालयांत ही शंका नेहमी ऐकू येते. माझ्या मते या टप्प्यावर आपण पोस्टरच घ्यावे.

परिषदेच्या कार्यक्रमपत्रिकेतील बीजभाषण आणि निमंत्रित व्याख्याने यांचे वक्ते आयोजकच ठरवतात, त्यामुळे तेथे आपण श्रोते असता. परिसंवादात तीन-चार जाणकार एकाच प्रश्नावर बोलतात, तर कार्यशाळेत एखादे तंत्र प्रत्यक्ष करून शिकवले जाते. सारांश पाठवणाऱ्याच्या वाट्याला मुख्यतः मौखिक सत्र किंवा पोस्टर सत्र येते. अलीकडे काही ठिकाणी तीन ते पाच मिनिटांची झटपट सादरीकरणेही असतात. ऑस्ट्रेलियातील क्वीन्सलंड विद्यापीठाने २००८ मध्ये सुरू केलेली, एकाच स्लाइडवर तीन मिनिटांत प्रबंध मांडण्याची स्पर्धा याच जातकुळीतली.

मौखिक सत्रात साधारणतः दहा-बारा मिनिटे बोलायला आणि तीन-चार मिनिटे प्रश्नांना मिळतात. मोठ्या परिषदेत अशी सत्रे समांतर चालतात, म्हणजे आपल्या विषयाचा नेमका माणूस त्या वेळी शेजारच्या दालनात असू शकतो. त्यातून आपले सत्र जेवणानंतरचे निघाले, तर प्रमाणपत्र घेऊन गाडी पकडण्याच्या घाईतले श्रोते किती उरतील, हे आपल्याकडच्या परिषदांना गेलेल्या कोणालाही सांगायला नको. मात्र ज्या कामाचा निष्कर्ष पक्का आहे आणि ज्यातला युक्तिवाद पायरीपायरीने मांडावा लागतो, त्याला व्यासपीठच शोभते.

पोस्टरला कमी लेखण्याचे मूळ मला महाराष्ट्रातील विद्यापीठांच्या ‘आविष्कार’ या संशोधन स्पर्धेत दिसते. तेथे विद्यार्थी आधी पोस्टरसमोर उभे राहतात आणि त्यांतून निवडलेले पुढे व्यासपीठावर जातात. त्यामुळे व्यासपीठ ही वरची पायरी असा समज मनात बसतो. परिषदांमध्ये पोस्टर आले ते वेगळ्या कारणाने. निबंध वाढले आणि वेळ अपुरा पडू लागला, तेव्हा युरोपीय जैवरसायन संस्थांच्या महासंघाने १९६९ मध्ये माद्रिदच्या अधिवेशनात पोस्टर सत्र घेतले, आणि १९७४ मध्ये अमेरिकेतील जैवरसायनाच्या अधिवेशनातही ही पद्धत आली. काही परिषदा कमी गुण मिळालेले सारांश पोस्टरकडे वळवतात, हेही खरे. पण आपल्याला निवड करू दिली आहे, त्यामुळे तो प्रश्न येथे उद्भवत नाही.

रावेर-यावल पट्ट्यातील बागांचे नकाशे, पानांवरील ठिपक्यांची टप्प्याटप्प्याची छायाचित्रे आणि पावसाच्या नोंदी ही आपली सामग्री डोळ्यांनी सावकाश पाहण्याची आहे. पडद्यावर ती अर्ध्या मिनिटात सरकून जाईल. पोस्टरसमोर एखादा रोगशास्त्रज्ञ दहा मिनिटे थांबून, नमुने कसे घेतले, करप्याच्या डागांत आणि पालाशच्या कमतरतेने करपलेल्या कडांत फरक कसा केला, असे खोदून विचारू शकेल. प्रबंध लिहिण्यापूर्वी असे प्रश्न ऐकायला मिळणे मी टाळ्यांपेक्षा मोलाचे समजतो.

छपाईला देण्यापूर्वी आयोजकांकडून फलकाचे माप मागवा. ए-शून्य (A0) या कागदाचा आकार ८४.१ × ११८.९ सेंटिमीटर असतो आणि तो आडवा छापल्यास अरुंद फलकावर मावत नाही. चकाकणाऱ्या फ्लेक्सपेक्षा मॅट कागद बरा, कारण दिव्यांच्या परावर्तनाने छायाचित्रे दिसेनाशी होतात. निष्कर्ष वरच्या भागात मोठ्या अक्षरांत द्या, संपूर्ण सारांश पुन्हा छापू नका, आणि पोस्टरजवळ आपण नेमके कोणत्या वेळी उभे राहायचे आहे, हे आधीच विचारून घ्या.