अमेरिकेत राष्ट्रीय उद्यानांचं प्रवेशशुल्क दुसऱ्या कामांकडे वळवता येतं का?

मनाला येईल तसं नाही. २००४ च्या कायद्यानुसार या शुल्कातले साधारणपणे किमान ८० टक्के पैसे जिथे गोळा झाले तिथेच राहतात आणि पायवाटांची डागडुजी, माहितीफलक, पर्यटकांच्या सोयी अशा कामांवर खर्च होतात. तरीही जानेवारी २०१९ मध्ये, निधी मंजूर न झाल्याने सरकारी कामकाज ठप्प असताना, यातूनच कचरा उचलणं, स्वच्छतागृहांची सफाई अशी रोजची कामं भागवली गेली. एरवी त्यांचा खर्च अमेरिकी काँग्रेसने मंजूर केलेल्या निधीतून होतो. सरकारी खर्च तपासणाऱ्या 'जीएओ'ने त्याच सप्टेंबरात हे बेकायदा ठरवलं, आणि ते योग्यच झालं. पायवाट दुरुस्त होईल या भरवशावर लोकांनी दारात पैसे मोजलेले असतात. राजकीय भांडणाचा भुर्दंड त्यांच्यावर का?