फायरवॉल कडक केल्यावर रीस्टार्ट केलेला नोड क्लस्टरमध्ये परत का येत नाही?

तुमची अडचण मला समजली ती अशी: मारियाडीबी डेटाबेसचा तीन नोडचा गॅलेरा क्लस्टर आहे, म्हणजे तीन सर्व्हर एकच डेटा एकमेकांशी जुळता ठेवतात. सिक्युरिटी टीमने महिन्याभरापूर्वी नियम कडक केले, त्यानंतरही सगळं सुरळीत होतं. काल पॅच लावून एक नोड रीस्टार्ट केला, तो काही परत येईना. पिंग होतंय, डेटाबेसचा नेहमीचा पोर्ट ३३०६ लागतोय, लॉगमध्ये डेटा मागितल्याची नोंद दिसते आणि मग टाइमआउट. सहकारी म्हणतोय की त्या नोडवर बूटस्ट्रॅप करून टाक. आणि तुम्ही विचारताय, फायरवॉल सरळ बंद करून बघू का?

सगळ्यात आधी, उरलेल्या दोन नोडना हात लावू नका. पॅच त्यांनाही लावायचा असला तरी थांबा. त्या दोघांपैकी एक अचानक पडला तर उरलेल्याकडे बहुमत राहणार नाही, तो नॉन-प्रायमरी होईल, म्हणजे क्वेरी नाकारेल, आणि ॲप्लिकेशन बंद पडेल. बूटस्ट्रॅप तर अजिबात नको. त्याने तो नोड जुन्या क्लस्टरमध्ये जात नाही, स्वतःचा वेगळाच क्लस्टर मांडून बसतो. लोड बॅलन्सरने त्याच्याकडे थोडं जरी ट्रॅफिक वळवलं तरी दोन ठिकाणी दोन वेगळे डेटा तयार होतात, आणि ते नंतर जुळवणं म्हणजे डोक्याला ताप. ग्रास्टेट फाइलमध्ये (गॅलेरा त्यात नोडची शेवटची स्थिती लिहून ठेवतो) ‘सेफ टू बूटस्ट्रॅप’पुढे शून्य दिसत असेल तर ते उगाच नाही. त्याचा एक करायला जाऊ नका.

आता ‘महिनाभर चाललं, म्हणजे फायरवॉलचा दोष नसणार’ याबद्दल. इथेच बहुतेक जण फसतात, मीही फसलोय. लिनक्सची फायरवॉल चालू कनेक्शनची नोंद ठेवते, आणि त्या कनेक्शनची पॅकेट्स सहसा नियमांच्या यादीतल्या पहिल्याच ओळीवर पास होतात. नवे नियम लागतात ते नव्या कनेक्शनला. तुमचे नोड पोर्ट ४५६७ वर आधीच एकमेकांशी बोलत होते, ते बोलत राहिले. शिवाय रोजच्या कामात फक्त ४५६७ लागतो. ४५६८ आणि ४४४४ हे पोर्ट नोड बाहेर जाऊन परत येतो तेव्हाच वापरात येतात. थोडंच मागे पडलेलं असेल तर राहिलेले बदल ४५६८ वरून मिळतात. गॅलेराच्या कॅशमध्ये, जो डीफॉल्टने १२८ एमबी असतो, ते बदल उरले नसतील तर अख्खा डेटा ४४४४ वरून कॉपी होतो. म्हणजे हे दोन पोर्ट नियम बदलले त्या दिवशीच बंद झाले असणार, फक्त कालपर्यंत कोणी ते दार ठोठावलं नव्हतं.

दुसरी गोष्ट दिशेची. नोड आत येताना तो डोनरकडे, म्हणजे डेटा देणाऱ्या नोडकडे, मागणी करतो, पण डेटा पाठवायचं कनेक्शन डोनर उघडतो. येणारा नोड ४४४४ वर ऐकत बसतो आणि डोनर त्याच्याकडे येतो. मी हे उलटं धरून एका रात्री दोन तास घालवलेत. येणाऱ्या नोडवरून डोनरचा ४४४४ तपासला, ‘कनेक्शन रिफ्यूज्ड’ आलं, आणि मी नेटवर्कवाल्याला फोन करून ‘पोर्ट बंद आहे’ म्हणून भांडलो. खरं तर ते रिफ्यूज्ड ही चांगली बातमी होती! पॅकेट पलीकडे पोचलं, तिथे त्या क्षणी कोणी ऐकत नव्हतं, म्हणून कर्नलने नाही म्हटलं. अडलेली होती ती उलटी दिशा, आणि ती मी तपासलीच नव्हती. नंतर फोन करून माफी मागावी लागली, ते वेगळं.

तेव्हा मेसेज नीट वाचा. ‘टाइम्ड आउट’ म्हणजे बहुधा कुणीतरी पॅकेट गुपचूप गिळतंय. ‘नो रूट टू होस्ट’ आलं आणि पिंग होत असेल तर राउटिंग शोधत बसू नका, फायरवॉल-डी या लिनक्सच्या फायरवॉल सेवेचा नकार असाच दिसतो. ‘रिफ्यूज्ड’ म्हणजे सहसा रस्ता मोकळा आहे. सहसा म्हणतोय, कारण काही फायरवॉल मुद्दाम रीसेट (कनेक्शन नाकारणारं पॅकेट) पाठवतात, आणि तेही तसंच दिसतं. म्हणून नुसत्या मेसेजवर विसंबू नये.

आता प्रत्यक्ष तपासणी. येणाऱ्या नोडवर डेटाबेस बंद ठेवा आणि ४४४४ वर नेटकॅट (कनेक्शन जोडून बघायचं छोटं साधन) ऐकत बसवा. दोन्ही नोडवर टीसीपीडंप (येणारी-जाणारी पॅकेट्स दाखवणारं साधन) सुरू करा, फक्त त्या पोर्टपुरता. मग डोनरवरून नेटकॅटने कनेक्ट करा. डोनर कोण होता ते लॉगमध्ये नावासकट असतं. अडलेलं कनेक्शन डंपमध्ये लगेच ओळखू येतं: एक सिन (कनेक्शन मागणारं पहिलं पॅकेट) जातं, सेकंदाने तेच सिन परत, मग आणखी थोड्या वेळाने पुन्हा, आणि समोरून चकार शब्द नाही.

गाळणी कुठे आहे हे यातूनच कळतं, कारण टीसीपीडंपला बाहेर जाणारं पॅकेट स्थानिक फायरवॉलमधून सुटल्यावर दिसतं, तर आत येणारं पॅकेट फायरवॉलच्या आधीच दिसतं. डोनरच्या डंपमध्ये सिनच नसेल तर डोनरचे स्वतःचे बाहेर जाण्याचे नियम अडवताहेत. डोनरवर दिसतंय पण पलीकडे नाही, तर मधली फायरवॉल किंवा क्लाउडचा सिक्युरिटी ग्रुप. पलीकडेही दिसतंय पण उत्तर जात नाही, तर येणाऱ्या नोडची फायरवॉल. इथे अंदाज बांधायची गरजच उरत नाही. ४५६८ साठीही हेच करा.

नेटकॅट जोडलं गेलं आणि तरी खरा डेटा जात नसेल तर दोन संशयित उरतात. पहिला एसई-लिनक्स, म्हणजे कोणत्या प्रोग्रॅमला काय करता येईल ते ठरवणारी लिनक्सची सुरक्षा यंत्रणा: नियम कडक करताना तो परमिसिव्हवरून (फक्त नोंद करतो) एन्फोर्सिंगवर (प्रत्यक्ष अडवतो) नेला असेल तर ऑडिट लॉग बघा. रेड हॅटच्या कुळात ४४४४ हा पोर्ट मुळात केर्बेरॉस या ओळख पटवणाऱ्या सेवेच्या नावावर असतो, डेटाबेसला तो द्यावा लागतो. दुसरा जास्त चिवट. कनेक्शन होतं, थोडा डेटा जातो आणि मग सगळं गोठतं. नोडच्या मध्ये टनेल (उदा. व्हीपीएन) टाकलाय आणि वर पिंग सोडून बाकी आयसीएमपी (नेटवर्कचे निरोप नेणारा प्रोटोकॉल) सरसकट बंद केलंय, असं असलं की ‘पॅकेट मोठं आहे, छोटं कर’ हा निरोपच परत येत नाही. साधं पिंग परवानगी दिलेली म्हणून चालतं, त्यामुळे कोणाला शंका येत नाही. तुकडे न करण्याचा पर्याय लावून १४७२ बाइटचं पिंग करा. १५०० च्या एमटीयूला (एका पॅकेटची कमाल लांबी) ते हेडरसकट बरोबर बसतं. ते अडलं आणि १३०० चं गेलं, तर चोर सापडला.

फायरवॉल बंद करण्याबद्दल: करू नका. सर्व्हरवरची बंद केली तरी मधली तशीच राहते, त्यातून चुकीचा निष्कर्ष निघतो. आणि चालू लागलं तरी कोणता नियम आड येत होता ते कळत नाही, मग ती ‘तात्पुरती’ बंद कायमची बंद राहते. सिक्युरिटी टीमकडे ‘सगळं उघडा’ असं मागू नका. तीन नोडचे आयपी, त्या तिघांमध्येच, दोन्ही दिशांनी टीसीपी ४४४४, ४५६७ आणि ४५६८, सोबत प्रत्येक पोर्ट कशाला लागतो त्याची एकेक ओळ, आणि टीसीपीडंपच्या चार ओळी चिकटवा. एवढं नेमकं मागितलं की बहुतेक वेळा वाद होत नाही.

नियम लागल्यावर डेटाबेस सुरू करा. रिकाम्या नोडला मोठा डेटा घ्यायला वेळ लागतो, तेवढ्यात घाबरून मारू नका. स्थिती ‘सिंक्ड’ आणि क्लस्टर साइज ३ दिसली की त्याच दिवशी, कामाच्या वेळेत, उरलेले दोन्ही नोड एकेक करून रीस्टार्ट करून घ्या. पहिला सिंक्ड झाल्याशिवाय दुसऱ्याला हात लावायचा नाही. त्यांच्यावरही तेच कडक नियम आहेत, आणि डोनर म्हणून पाठवता आलं म्हणजे स्वतः आत येताना घेताही येईल, असं नसतं.