दा. ध. कोसंबी गणितज्ञ होते की इतिहासकार?

पेशाने गणितज्ञ. गोव्यात १९०७ साली जन्म, वडील बौद्ध धर्माचे थोर अभ्यासक धर्मानंद कोसंबी. हार्वर्डमधून १९२९ मध्ये पदवी घेऊन ते परतले. बनारस, अलीगढ, मग पुण्यात फर्ग्युसन कॉलेजात गणित शिकवलं. पुढे मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत होते, आणि पुण्याहून डेक्कन क्वीनने ये-जा करत. जनुकशास्त्रात त्यांच्या नावाचं १९४४ चं सूत्र आजही वापरतात.

पण त्यांना इतिहासात नेलं तेही गणितानेच. नाणं हातोहात फिरलं की झिजतं, वजन घटतं. आधी त्यांनी चलनातली साधी नाणी तोलून हे तपासलं. मग प्राचीन आहत नाणी, म्हणजे धातूच्या तुकड्यावर ठसे मारून केलेली नाणी, तराजूत घातली. मागच्या बाजूला ठसे जास्त, तर वजन कमी! म्हणजे ती जास्त काळ फिरलेली. एकही अक्षर नसलेल्या नाण्यांचा क्रम असा लागला. मला त्यांचं हे काम सगळ्यात जास्त आवडतं.

राजे आणि लढायांपेक्षा लोक काय पिकवत, कशाने नांगरत, कोणाला पुजत, हा त्यांच्या लेखी खरा इतिहास. त्यासाठी ते पुण्याच्या आसपास पायी हिंडायचे, सूक्ष्म दगडी हत्यारं वेचायचे, शेंदूर फासलेल्या म्हसोबाची चौकशी करायचे. मार्क्सवादी होते, पण पोथीनिष्ठ अजिबात नव्हते. संस्कृत कवी भर्तृहरीच्या सुभाषितांची चिकित्सक (हस्तलिखितं ताडून पाहून केलेली) आवृत्तीही त्यांचीच, १९४८ ची. अणुऊर्जेपेक्षा सूर्याच्या ऊर्जेकडे बघा, असं ते तेव्हा सांगत होते. १९६६ मध्ये, साठीही गाठायच्या आत, पुण्यात गेले.